ओतीलियाचा हसरा फोटो

क्वेता मॅडमच्या एजन्सीत खुर्ची एकच, आणि ती बसायला नाही, फोटो काढायला. आमच्या सोबोता गावच्या बाजारात चपलांच्या दुकानाच्या माडीवर ते ऑफिस आहे. आम्ही बायका जिन्यात उभ्या राहायचो आणि आत एकेकीला हसायला लावलेलं ऐकायचो.

"ओठ ताणा जरा. दात नकोत, दात घोड्याचे बघतात. डोळ्यांत माया आणा. ऑस्ट्रियातली लेक फोटो बघून म्हणाली पाहिजे, हिच्या हातात आईला देते. अहो, असं काय? मयताला आल्यात का?"

शेवटचं वाक्य ओतीलिया मावशीला होतं. तोवर मी तिला ओळखत नव्हते. पांढऱ्या केसांची, रुंद हाडापेराची बाई, टिसोव्हेत्सहून आलेली. कागदाच्या कारखान्यात जन्म काढला आणि मग कारखानाच बंद झाला. मॅडमने तिला केस रंगवून यायला परत पाठवलं. आली तर म्हणे फार काळे झाले, पुन्हा जा. शेवटी तपकिरी केसांचा, लाल स्वेटरमधला, ओठ ताणलेला फोटो निघाला.

"वय त्रेसष्ट," मॅडम पासपोर्ट बघत म्हणाली. "त्रेपन्न सांगू."

"आणि मला कुणी विचारलं तर?"

"तुम्हाला कोण विचारतंय? म्हातारं सांभाळणाऱ्या बाईला एकच विचारतात, उचलता येतं का. येतं ना?"

"येतं," मावशी म्हणाली.

दारात उभ्या उभ्या मला हसू फुटलं. मॅडमने माझ्याकडे बोट केलं. "ही दात दाखवतेय ती. नाव काय? दारिना? तुम्ही दोघी जोडी."

आमच्या धंद्यात बायका जोडीनंच जातात. एक बाई दोन आठवडे तिकडे, दुसरी घरी, मग अदलाबदल. त्याला आम्ही खेप म्हणतो. जोडीतली एक नापास झाली की एजन्सी दोघींना काढते आणि त्या घरी नवी जोडी धाडते, म्हणजे तक्रारीला जागा नको. तेव्हा लग्नाच्या नवऱ्यापेक्षा जोडीदारीण सांभाळावी लागते. माझ्या नवऱ्याला तर मी सांभाळलंच नाही, पण ते असो.

आम्हाला मिळाली हेर्मिना आजी. ऑस्ट्रियात झ्वेट्लच्या वरच्या अंगाला डोंगरातलं एक गाव, गावाच्या टोकाला तिचं घर, मागे बटाट्याचं शेत. आजीचे पाय गेलेले, डोकं शाबूत आणि जीभ तर काय विचारता! अंगाने भरभक्कम. एकुलती लेक रोसविता, व्हिएन्नाला असायची, रविवारी यायची. तिने शहरातल्या वृद्धाश्रमात आईचं नाव घालून ठेवलं होतं. "आणखी एकदा पडलीस ना आई, तर तिकडेच," असं ती दर रविवारी म्हणायची. वाईट नव्हती हो ती, घाबरलेली होती. आजी मात्र ते ऐकलं की चाकाच्या खुर्चीचे दांडे घट्ट धरायची. तिला त्याच घरात मरायचं होतं, बाकी काही मागणं नव्हतं.

ओतीलिया मावशी आणि मी तीन वर्षं एकाच गादीवर झोपलो, पण एकदाही बरोबर नाही. व्हॅन रात्रभर चालून सकाळी पोचायची. ड्रायव्हर इम्रोची सिगारेट संपेपर्यंत आमची भेट. मी उतरायची, ती दारात कोट घालून उभी असायची, आणि तेवढ्यात सगळं सांगून टाकायची: आजीचं पोट कसं आहे, कुठली गोळी बदलली, शेजारणीशी कशावरून भांडण झालं. आत पलंगावर धुतलेली चादर आणि चुलीवर येणारीसाठी सूप. ही आमच्या बायकांची रीतच. रात्रभर प्रवास करून आलेल्या बाईला परक्या घरात आल्याबरोबर आपलं काहीतरी गरम मिळावं. मावशी आंबट कोबीचं करायची, धुरावलेलं सॉसेज घालून. मी करायची वालाचं. तिला ते आवडत नसणार, पण कधी बोलली नाही.

गेल्या पानगळीत मी पाहिलं, मावशी व्हॅनच्या पायरीवर पाठ फिरवून चढतेय, दांडा धरून, एकेक पाय ओढत.

"कंबर दाखवलीस का?" मी विचारलं.

"खुबा आहे. दाखवला. ऑपरेशनची रांग आहे. रांगेत उभं राहायला तरी खुबा नको का?"

"थट्टा पुरे, मावशी. सोड हे काम."

"सोडून जाऊ कुठे? मुलगा मिलान इंग्लंडात. घरी चार भिंती आणि टीव्ही. इथे निदान मला कुणी पोरी म्हणून हाक मारतं. या वयात मला पोरगी म्हणणारं दुसरं राहिलंय कोण?"

इम्रोने सिगारेट टाकली, आणि ती गेली.

आजीला सगळं कळलेलं होतं. माझ्या खेपेत एकदा मला म्हणाली, "त्या पोरीचा पाय गेलाय. रोसविताजवळ बोललीस तर तुझ्या कॉफीत मीठ घालीन."

दोघींनी मिळून घर चालवायचा एक प्रकारच काढला होता. आजी खुर्चीत बसून बटाटे सोलायची, कांदा चिरायची, धुतलेले कपडे घड्या करायची. मावशी स्टुलावर बसून उरलेलं. रविवारी रोसविता आली आणि मावशीला उठायची वेळ आली की आजी ओरडायची, "रोसविता, तळघरातून जर्दाळूचा मुरांबा आण!" लेक जिना उतरून चढून येईस्तोवर मावशी उठून उभी राहिलेली असायची. घरात मुरांब्याच्या बरण्यांचा ढीग झाला होता. मी हसायची, आणि मनातून धास्तावायची. स्वयंपाक स्टुलावर बसून होतो. आजीला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून संडासावर घ्यायचं, ते बसून होत नाही.

म्हणून मी क्वेता मॅडमला फोन केला. म्हटलं, उचलायचं यंत्र मिळतं, कुटुंबाला सांगून तेवढं बसवून घ्या.

"कुणाला जमत नाहीये?" मॅडमने विचारलं.

"तसं नाही..."

"तसं नाही तर यंत्र कशाला? हे बघ दारिना, सरळ सांग. ओतीलियाला जमत नसेल तर उद्या जोडी बदलते. दोघीही. माझ्या जिन्यात बायका उभ्या आहेत."

"राहू द्या," मी म्हणाले, "सहज विचारलं."

फेब्रुवारीत माझी खेप आली. त्या सकाळी व्हॅन थांबली तर दारात मावशी नाही. दार कडी न लावता लोटलेलं. आत बोळात तिची बॅग भरून उभी होती, वर कोट. स्वयंपाकघरात चुलीवर सूपचं पातेलं, झाकण घातलेलं, गार. मी हाक मारली.

"हळू," बाथरूममधून आजीचा आवाज आला. "ती झोपलीये."

दोघी फरशीवर होत्या. अंगावर एकच गोधडी, तीही बरीचशी आजीवर. आजीच्या मानेखाली मावशीचा हात, आणि मावशीचं डोकं तसंच उघड्या फरशीवर. मी खाली बसून तिच्या गालाला हात लावला आणि झटकन काढून घेतला. काय सांगू, गार दगड.

"आजी," मी म्हणाले, "कधीपासून?"

"काल दुपारी. मी संडासावरून उठताना सरकले. तिने मला धरलं, उचलायला गेली. अर्धी वर आले होते मी, दारिना. मग ती खाली बसली, म्हणाली, जरा थांबू या. तुमच्या बाईला फोन लावला. ती बाई ओरडत होती. तुमची भाषा, मला काय कळणार, पण ओरडणं कळतं. पोरीने फोन ठेवला आणि पुन्हा उचलायला लागली. मग पुन्हा. मग छाती धरून आडवी झाली."

"अँब्युलन्स का नाही बोलावलीत?"

"मीच नको म्हटलं. पहिल्यांदा मी पडले तेव्हाच नको म्हटलं. नंतर तिला बरं वाटेना तेव्हा मी म्हटलं बोलव, तर ती म्हणाली, उद्या दारिना येतेय, ती दांडगी आहे, ती उचलेल दोघींना. फोन तिच्या हातातून सुटला तो तिकडे टबाखाली गेला." आजीने माझी बाही धरली. "मी तिच्याशी बोलत राहिले. आधी उत्तर देत होती. झोपलीये ना ती?"

तिला ठाऊक होतं. माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं इतकंच.

इम्रो हॉर्न वाजवून वैतागला आणि आत आला. दारातच थांबला, टोपी काढली. मग त्याने आजीच्या एका काखेत हात घातला, दुसऱ्या बाजूने मी, आणि आजी उठली. सहज उठली हो! एका दमात खुर्चीत बसली. दोन माणसं, एवढंच लागत होतं. मला रडू यायच्या आधी संताप आला. वाटलं, बाथरूममधला आरसा फोडावा.

"गाडीत बायका बसल्यात," इम्रो म्हणाला. "मला जायला हवं. बॅग नेऊ का तिची?"

"ने."

बॅग घरी गेली. मालकीण मागे राहिली.

आजी म्हणाली, "दारिना, मी पडले होते हे सांगू नकोस. तुला देवाची शपथ. रोसविता मला नेईल."

मी डॉक्टरला बोलावलं, रोसविताला कळवलं, आणि मॅडमला फोन लावला.

"अरे देवा," मॅडम म्हणाली. "आजी कशी आहे?"

"मावशी गेली, मॅडम."

"ते ऐकलं गं मी. आजी कशी आहे?"

"काल मावशीने फोन केला होता तुम्हाला."

मॅडम मग म्हणाली, "केला होता. उचलायला जमत नाही म्हणत होती. मी म्हटलं, मग तुला तिथे कशाला बसवलंय? सगळ्यांनाच म्हणते मी असं, जोर यावा म्हणून. आणि परक्या गावात अँब्युलन्स बोलावण्याआधी आम्हाला फोन, हा नियम आहे."

"पाळला की तिने नियम."

"जीभ आवर, दारिना. बाईचं हृदय बंद पडलं. ते घरी टीव्हीसमोरही पडलं असतं. पडण्याबिडण्याचा विषय काढलास तर म्हातारी जाईल वृद्धाश्रमात आणि तू जाशील घरी. मावशी काही परत यायची नाही."

चीड याची आली की मॅडम आणि आजी एकच गोष्ट मागत होत्या. एकीला मी थुंकून नाही म्हटलं असतं. दुसरीने माझी बाही धरली होती.

डॉक्टर म्हणाला हृदय. रोसविता दुपारी आली. स्वयंपाकघरात उभी राहून रडली, खरं रडली. "आजारी होती का ती? मला कुणी सांगितलं कसं नाही?" मग डोळे पुसून, "कसं झालं?"

मी आजीकडे पाहिलं. आजी खिडकीबाहेर बघत होती.

"चादर बदलताना पडली," मी म्हणाले.

चादर खरंच बदललेली होती. माझ्यासाठी. त्या चादरीवर मी झोपले, म्हणजे पडून राहिले. दुसऱ्या दिवशी सूप ओतून टाकायला गेले तर आजी म्हणाली, "टाकू नकोस. तुझ्यासाठी केलंय तिने. गरम कर." आम्ही दोघींनी खाल्लं. आंबट कोबी शिळा झाला की जास्त चांगला लागतो. तसाच लागला, याचीसुद्धा मला लाज वाटली.

मयताला जायला मी रजा मागितली. मॅडम म्हणाली, बदलीला बाई नाही, आजीला एकटं टाकून जाणार आहेस का? टिसोव्हेत्सला तिला पुरत होते त्या वेळी आम्ही इथे मेणबत्ती लावली. आजी म्हणाली, तुमच्यात मयताला काय गातात ते म्हण. मी म्हटलं. माझा गळा म्हणजे फुटकं मडकं, पण ऐकायला दुसरं होतं कोण?

आजी बदलली होती. बटाटे सोलेना. रविवारी रोसविता मुरांब्याच्या बरण्या बघून म्हणाली, "एवढ्या का काढून ठेवल्यात?" तर आजीने मान वळवली.

माझी खेप संपली त्या सकाळी मी चादर बदलली, वालाचं सूप केलं आणि कोट घालून दारात उभी राहिले. व्हॅनमधून नवी बाई उतरली, स्लाव्का, चाळिशीची असेल. उतरतानाच हसत होती, तेच मॅडमनं शिकवलेलं हसू. रोसविता मुद्दाम तिला बघायला आली होती. सगळे स्वयंपाकघरात आलो. मागून इम्रो आला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला.

"फळ्यावरून काढून आणला," तो मला म्हणाला. "गावातल्या सगळ्यांचा वाचून झालाय."

आमच्याकडे माणूस गेलं की काळ्या चौकटीचा कागद गावातल्या फळ्यावर लागतो, नाव, वय, फोटो, मयताची वेळ. मी घडी उलगडली. तपकिरी केस, लाल स्वेटर, ताणलेले ओठ.

"मिलानकडे आईचा दुसरा फोटोच नव्हता," इम्रो म्हणाला. "मॅडमने दिला."

"दाखव," आजीने हात पुढे केला. चष्मा लावला. आमची भाषा तिला येत नाही, पण आकडा कुणालाही वाचता येतो. ती बराच वेळ त्याच ओळीवर बोट ठेवून बसली.

"सहासष्ट?"

"छापताना चुकलं असेल, आई," रोसविता म्हणाली. "छप्पन. एजन्सीने मला..."

"चुकलेलं नाही," मी म्हणाले. कोण जाणे कसं, तोंडातून गेलंच.

आजीने फोटोवरून अंगठा फिरवला. "माझी धाकटी बहीण आता असती तर हिच्याएवढी असती. तिला मी उचलायला लावलं असतं का?" मग तिने चष्मा काढला. "रोसविता, बस खाली. मी पडले होते."

"आजी!" मी म्हणाले.

"तू गप्प. तू माझ्यासाठी खोटं बोललीस, तेवढं पुरे. बाथरूममध्ये पडले मी. रात्रभर पडून होतो, मी आणि ती. चादर बदलताना नाही गेली ती पोरगी. मला उचलताना गेली. मी म्हणाले अँब्युलन्स नको, तिची बाई म्हणाली उचल. आम्ही दोघींनी मिळून मारलं तिला."

रोसविताने तोंडावर हात दाबला. "आई, आता तुला इथे कशी ठेवू मी?"

"नाहीच ठेवता येणार," आजी म्हणाली. "ते माहीत होतं, म्हणून तर इतके दिवस बोलले नाही."

स्लाव्का बिचारी अजून हसत होती. तिला त्यातलं फार काही समजलं नसावं. हळूच मला आपल्या भाषेत म्हणाली, "ताई, माझं काही चुकलं का? मी कोट काढू का?"

"नको काढूस," मी म्हणाले. "ये, आधी सूप खा."

इम्रोने त्याच व्हॅनमधून मला आणि स्लाव्काला परत नेलं. वाटेत मॅडमचा फोन आला. रोसविताने तिला कळवलं होतं, वकिलाचं नाव घेऊन. मॅडम मला काय काय बोलली ते इथे लिहिण्याजोगं नाही. मी म्हटलं, "म्हातारी बोलली, मॅडम. तिला काढा ना जोडीतून." आणि फोन बंद केला. पुढे मॅडमचं काय झालं म्हणाल तर बोडक्याचं काही झालं नाही. पाटी बदलली. खुर्ची तीच आहे, जिन्यात बायकाही आहेत.

ईस्टरला मी वृद्धाश्रमात फोन केला. आजीला फोनवर आणायला बराच वेळ लागला.

"जेवण कसं आहे?" मी विचारलं.

"बिनमिठाचं."

"खोली?"

"खिडकी आहे. तिचा फोटो लावलाय पलंगाजवळ. नर्स विचारते, मुलगी का?"

"मग काय सांगता?"

आजी म्हणाली, "दारिना, इथे मला उचलायला दोघी येतात. एक इकडून, एक तिकडून. पटकन उचलतात गं. काहीच लागत नाही त्याला." आणि मग ती रडायला लागली.